राणी रंगाचा पट्टा

बाई,

कंपनीतल्या मॅडमचा फोन आला होता. आधी तुमच्याबद्दल दोन शब्द बोलल्या, मग जरा थांबून म्हणाल्या, "मंदाताई, या दिवसांत विचारू नये, पण पट्ट्याचा रंग सोमवारपर्यंत कळवाल का? कापड मागवायचं आहे." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. तुमच्या तेरवीची मोठी पातेली अजून ओसरीत पालथी पडली होती. ती परत करायला कुणाला सवड झाली नव्हती, की इच्छा झाली नव्हती, कोण जाणे.

मशीनजवळ जाऊन बसले. वर टाकलेली चादर काढली नाही. नुसती बसले.

लिहायला घेतलं की माझ्या हातून शाळेतली मराठी उतरते. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाल्या असत्या, "एवढी शुद्ध कायले बोलून राह्यली वं, मास्तरीण झाली काय?" बोलून तर आता उपयोग नाही. म्हणून लिहिते आहे. बावीस वर्षं आपण एका अंगणात काढली. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. चुली वेगळ्या झाल्या तरी भाजीची वाटी इकडून तिकडे जायची थांबली नाही. आणि भांडणंही थांबली नाहीत. शेवटचं भांडण रंगावरून होतं. ते अर्धवट राहिलं.

मी लग्न होऊन आले ती शिलाई मशीन घेऊन. सासूबाई म्हणाल्या होत्या, सून आहे तर वेचणीला जाईल, मशीन काय रोज चालते का. मी चुलीपाशी मान खाली घालून ऐकत होते. तुम्ही कापसाचं गाठोडं खाली ठेवून बाहेरूनच म्हणालात, "तिले नका नेऊ. तिचे हात कापडाचे हाय, बोंडाचे नाई. तिच्या वाटचं मी वेचतो." आणि खरोखर वेचलंत. आपल्या चार एकरांतलं वेचून झालं की बारा बायांना घेऊन तुम्ही दुसऱ्यांच्या वावरात जायचात. बोंडाच्या वाळल्या टोकांनी तुमच्या बोटांची नखं मुळापासून फाटलेली असायची, आणि मी तुम्हाला ब्लाउजच्या बाहीचं माप विचारायची. याबद्दल मी तुम्हाला कधी काही म्हटलं नाही. जावा-जावांत असलं कुणी बोलत नाही.

ओटीची गोष्ट तुमच्या मानेपासून सुरू झाली. मॅडमना पहिल्यांदा समजावून सांगावी लागली होती, त्या शहरातल्या. वेचणीला बाई जुनं लुगडं घेते, एक टोक मानेमागे गाठ मारून अडकवते, दुसरं कमरेला बांधते आणि पुढे जी झोळी होते तिच्यात कापूस टाकत जाते. ती ओटी. भरत आली की सगळं ओझं मानेवर येतं. तीन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर एका संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर पाठ करून बसलात आणि पदर बाजूला केलात. मानेवर बैलाच्या खांद्यासारखा घट्टा पडला होता.

"पाह्य," तुम्ही म्हणालात. "तू एवढे कटोरीचे ब्लाउज शिवतं. एक ओटी नाई शिवता येत तुले?"

मी हसले होते. तुम्ही हसला नाहीत.

पहिली ओटी जुन्या चादरीची शिवली. पट्टे बारीक झाले, खांद्यात रुतले. दुसरीचे पट्टे रुंद केले आणि पाठीवर फुलीसारखे ओलांडून घेतले, म्हणजे ओझं मानेवरून निघून दोन्ही खांद्यांवर येईल. तिसरीला तळाशी तोंड ठेवलं आणि नाडी ओवली, नाडी सोडली की कापूस खाली पडतो, वाकायला नको. ती घालून तुम्ही अंगणात दोन चकरा मारल्यात, आत सोयाबीनचं पोतं रिकामं करून पाहिलंत. "पोटात पोरगं असल्यावानी वाटते," म्हणालात, "पण पाठ मोकळी हाय." त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो कोणत्याही नवरीचा ब्लाउज शिवून झाला नव्हता.

मग बारा बायांसाठी बारा ओट्या शिवल्या. कापड विकत घेण्याइतकं काही ठरलं नव्हतं, म्हणून घरातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून. साहजिकच बाराही वेगळ्या रंगांच्या झाल्या. आणि तिथून आपलं खरं काम सुरू झालं, नाही का? बायांनी मानेचं, पाठीचं काहीच विचारलं नाही. लीलाबाईला मोरपंखीच पाहिजे होती. काळी कुणी घेईना. तुम्ही प्रत्येकीला समजावून एकेक दिली आणि रोज संध्याकाळी येऊन मला रंगांचा निकाल सांगू लागलात. काळ्यात ऊन भरते. डाळिंबी बरी हाय, पण मळ दिसत नाई म्हणून बाया धूतच नाईत. लिंबू रंगावर बारके पाखरं येऊन चिकटतात, वावरात पिवळे सापळे लावतात तसे. पोपटी पऱ्हाटीत हरवते, कपाशीच्या हिरव्यात दिसतच नाई. मी त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. मी ऐकायची आणि वहीत लिहायची.

पोपटीचं तर तुम्ही हसत सांगितलं होतं. मग लीलाबाईचा तो दिवस आला. मोरपंखी धुवायला टाकली म्हणून तिने त्या दिवशी पोपटी घेतली होती, लुगडंही हिरवंच. ऑक्टोबरचं ऊन. पऱ्हाटी खांद्याला लागत होती. दुपारी पाणी प्यायला बाया बांधावर, धुऱ्यावर जमल्या तेव्हा अकराच भरल्या. हाका मारल्या. आपल्या भागात हल्ली हाकेला ओ आली नाही की रानडुकरांचं भय असतं, राळेगावकडून वाघाच्या बातम्या येत असतात. एकेक तास, एकेक ओळ धरून शोधत गेलात तेव्हा ती चक्कर येऊन झाडांत बसलेली सापडली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. आधी एकदा तुम्ही त्याच ओळीच्या शेजारून गेला होतात. चार हातांवरून.

तुम्ही घरी आलात, हातपाय धुतले नाहीत, चहा घेतला नाही. सरळ माझ्याकडे.

"मंदा, पट्टे भडक पायजे. खांद्यावरचे. धुऱ्यावर उभं राह्यलं की बारा बाया मोजता आल्या पायजे."

"भडक म्हणजे कोणते?"

"राणी."

इथून आपलं भांडण. ओटीचं पोट पांढरंच ठेवायचं हे तोवर ठरलं होतं, कारण रंगीत धागा कापसात गेला तर जिनिंगवाले नाक मुरडतात; तशा बारा नव्या ओट्या शिवूनही झाल्या होत्या, फक्त पट्टे लावायचे होते. प्रश्न राहिला पट्ट्याचा आणि काठाच्या गोटाचा. माझं म्हणणं, पांढऱ्याला आकाशी पट्टा, कडेला गडद निळा गोट. शोभून दिसतं, मळखाऊ नाही पण डोळ्यालाही टोचत नाही. उद्या कुणी विकत घेणारा आला तर वस्तू नीटनेटकी दिसली पाहिजे. तुमचं म्हणणं, राणी पट्टा आणि हळदी गोट.

"बाई, ते लग्नातल्या झालरीसारखं दिसंल."

"दिसू दे."

"रंग एकमेकांले साजले पायजे."

"दोन रंग भांडले पायजे," तुम्ही म्हणालात. "भांडले तं दुरून दिसते. एकमेकांचं ऐकणारे रंग दुरून एकच होऊन जातात."

मी वीस वर्षं कापडात होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण कबूल केलं नाही. तुम्ही शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या आणि मी बारावी, हे माझ्या मनात कुठेतरी होतंच. तुम्हाला ते दिसतही असेल.

शेवटी तुमचंच झालं. बाभुळगावच्या बाजारातून राणी रंगाचा कटपीस आणला. दुकानदार म्हणाला, रंग पक्का आहे. दुकानदार हे नेहमीच म्हणतात. मी अस्तराचा चार बोटांचा तुकडासुद्धा मिठाच्या पाण्यात भिजवल्याशिवाय शिवत नाही, हे गावातल्या पोरींनाही माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वामनरावांच्या वावरात पहिली वेचणी होती, सीतादहीची, वेचणीच्या मुहूर्ताची, पूजा करून सकाळीच बाया वावरात शिरणार होत्या, आणि तुम्हाला बाराही ओट्या नव्या पट्ट्यांच्या पाहिजे होत्या. माझ्याकडे लग्नाचे ब्लाउज पडून होते. हे सगळं खरं आहे. पण एवढंच खरं नाही. मी रुसले होते. माझा आकाशी हरला होता. भिजवायचं माझ्या लक्षात होतं, बाई. लक्षात असून मी भिजवलं नाही. म्हटलं, तुमचा रंग आहे, तुम्ही पाहा.

पुढचं तुम्ही पाहिलंतच. पहाटेच्या दहिवराने पऱ्हाटी चिंब होती, पट्टे ओले झाले, अंगाला घाम आला, आणि दहा वाजेपर्यंत बारा ओट्यांच्या पांढऱ्या कापडावरून गुलाबी ओघळ आत उतरले. वरवरच्या कापसाला रंग लागला. तो वेगळा काढायला हवा होता, पण गाड्या भरायच्या घाईत गठ्ठे एकत्र बांधले गेले. व्यापाऱ्याने गुलाबी कापूस हातात घेऊन वामनरावांना दाखवला, आणि वामनराव संध्याकाळी आपल्या दारात येऊन उभे राहिले.

"सुमनबाई, तुमच्या या नटव्या ओट्यांनी माह्या कापसाले रंग लावला. चार लोकांत हसं झालं माह्यं. जुन्या लुगड्यात काय खराबी होती?"

शेजारची माणसं बाहेर आली होती. तुम्ही अंगणात उभ्या होतात, मी आत मशीनवर. दार उघडंच होतं. मी पाय चालवत राहिले. मशीनचा आवाज होता तोवर मला बाहेरचं ऐकू येत नाही असं दाखवता येत होतं.

तुम्ही म्हणालात, "माह्यं चुकलं, वामनराव."

ते गेल्यावर तुम्ही आत येऊन दाराशी बसलात. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललेही. म्हटलं, "मी म्हणलं होतं न, भडक नको."

"हो," तुम्ही म्हणालात, "म्हणलं होतं तुनं."

त्या हिवाळ्यात वामनरावांनी दुसऱ्या बाया लावल्या. त्यांचं पाहून आणखी दोन घरांनीही तुमच्या बायांना सांगणं बंद केलं. तुम्ही त्यांना घेऊन दूरदूरच्या वावरात जाऊ लागलात, पहाटे निघून, आणि सगळ्यांच्या मानेत परत जुनी लुगडी. बारा ओट्या माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेल्या राहिल्या. रोज त्यांच्याखाली बसून मी ब्लाउज शिवले. तुम्ही एकदाही मला बोल लावला नाही. लावला असता तर मी सांगितलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. ती आता नाही पटत.

फाल्गुनात तुमचे पाय सुजायला लागले. आधी वाटलं चालून चालून सुजले. चैत्रात डॉक्टरांनी दोन्ही किडन्यांचं सांगितलं आणि वैशाखापासून आपल्या यवतमाळच्या चकरा सुरू झाल्या. आठवड्यातून दोनदा, सकाळच्या एसटीने. मोठे दीर वावर सोडून येऊ शकत नव्हते, तुमची कविता लग्न होऊन मारेगावला, म्हणून तुमच्या सोबत मी. "रक्त धुवाले चाललो," असं तुम्ही बसमध्ये कुणी विचारलं तर सांगायचात, भांडी घासायला चालल्यासारखं. चार तास तुम्ही त्या मशीनला जोडलेल्या, मी स्टुलावर. येताना तुम्ही माझ्या खांद्यावर मान टाकून झोपायचात आणि माझा खांदा बधिर व्हायचा. मी थकले होते, बाई. एका गुरुवारी एसटी चुकली तेव्हा मला मनातून बरं वाटलं होतं. हेही सांगून टाकते.

त्याच दिवसांत कंपनीतल्या मॅडम आल्या. शेतकऱ्यांचीच कंपनी, राळेगावची. लीलाबाईने बाभुळगावच्या बचत गटाच्या सभेत आपल्या ओटीचं नाव काढलं होतं. मॅडमनी खिळ्यावरची एक घालून पाहिली, नाडी सोडून पाहिली, आणि म्हणाल्या, या हंगामात दोनशे करून द्याल का, आमच्या सभासदांच्या वावरात वेचणाऱ्या बायांसाठी. पांढऱ्यावरचे गुलाबी डाग पाहून विचारलं, हे काय? मी म्हटलं, रंग दुसरा घेऊ.

मग दवाखान्यातच आपली रंगांची बैठक भरायला लागली. मी चिंध्यांची पिशवी घेऊन यायची. तुमच्या पायांवरच्या चादरीवर मी तुकडे मांडायची, विटकरीशेजारी बदामी, जांभळ्याशेजारी शेंदरी, अबोलीशेजारी मोरपंखी. एका हाताला नळ्या, म्हणून तुम्ही दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचात. सिस्टर येता-जाता आपलं मत देऊन जायच्या. पलीकडच्या खाटेवरचे म्हातारे बाबा एकदा म्हणाले, "पोरीहो, माह्या चादरीचाही रंग बदला." सगळे हसले. तुम्हीही.

पण तुम्ही राणीचं नाव काढलं नाहीत. मी वाट पाहत होते. मुद्दाम राणीचा एक तुकडा मांडून ठेवायची, तुमचं बोट त्याच्यावरून पुढे जायचं. एकदा मी म्हटलं, "बाई, तुमाले कोणता पायजे ते सांगा न."

"तुले जे वाटते ते कर."

बावीस वर्षांत तुम्ही मला असं कधी म्हणाल्या नव्हतात. कापड भिजवलं नव्हतं हे सांगायला त्या चार तासांत मी किती वेळा तोंड उघडलं. तुमचे डोळे मिटलेले असले की ठरवायची, उघडले की सांगते. उघडले की तुम्ही पाणी मागायचात, आणि पाणी तुम्हाला मोजून द्यायचं असायचं, आणि त्यातच राहून जायचं.

मी आकाशी पट्टा आणि निळा गोट लावून नमुना शिवला. या वेळी कापड तीनदा भिजवलं. मॅडमना आवडला. तुम्हाला दाखवला तेव्हा तुम्ही खाटेवर बसून तो उलटसुलट केलात, शिवण ओढून पाहिलीत, मग दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलंत मला, ओटी घालून. बराच वेळ पाहत राहिलात.

"चांगली हाय," म्हणालात. "दिसत नाई, पण चांगली हाय."

श्रावण संपता संपता तुम्ही गेलात. दवाखान्याचा दिवस नव्हता. आंघोळ करून उन्हात पाय पसरून बसला होतात, मोठे दीर गोठ्यात होते. मी दोरा आणायला म्हणून सकाळच्या बसने गेले होते. परत आले तेव्हा अंगणात माणसं बसलेली. लीलाबाईने पुढे येऊन माझ्या हातातली पिशवी घेतली, आणि मी समजले.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी कविताने तुमची पेटी उघडली. लुगडी बायांना वाटायची होती. तळाशी एक पांढरं फडकं होतं, घडी घातलेलं, आणि त्यात गुंडाळलेला राणी रंगाचा तुकडा. बाजारातून आणलेल्या त्याच कापडातला, उरलेला. पण तो राणी आता तेवढा उग्र नव्हता, बसला होता, मुरला होता. फडक्यावर ओळीने डाग होते. पहिला डाळिंबासारखा गडद. दुसरा गुलाबी. मग फिका, आणखी फिका. शेवटच्या जागी नुसता ओलसरपणाचा सुरकुतलेला ठसा, रंग नाहीच.

मी कविताकडे पाहिलं.

"वैशाखात मी आलती न, तवा आई धूत होती हे," ती म्हणाली. "मीठ टाकून, मंग तुरटी टाकून. दर पाण्यानंतर पांढऱ्या फडक्यावर ओलं दाबून पाहे. मी म्हणलं, सूज आली अंगावर, कायले करतं? तं म्हणे, पाहून राह्यली, रंगाची खोड हाय का धुतलं नाई म्हणून झालं."

"मंग?"

"मंग म्हणे, काकूले नको सांगजो. तिले वाटंल मी तिचं काम तपासून राह्यली."

कविता पुढे लुगडी काढत राहिली. मी ते फडकं घेऊन माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

तर तुम्हाला कळलं होतं. वैशाखात. म्हणजे त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी, प्रत्येक सोमवारी, तुमच्या पायांवर चिंध्या मांडून मी राणीचा तुकडा मुद्दाम पुढे सरकवत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आपल्या अंगणात तुम्ही ज्या चुकीची कबुली दिलीत ती माझी होती, हे माहीत होतं. आणि तुम्ही माझ्याकडे पाणी मागितलंत.

मला तुमचा राग आला, बाई. अजून आहे. उपकार म्हणून गप्प बसलात का? की मीच सांगेन म्हणून थांबला होतात? थांबला असाल तर एकदा विचारायचं होतं. "काहून वं, भिजवलं होतं का तुनं?" एवढंच. मी रडले असते, तुम्ही शिव्या दिल्या असत्या, आणि दुपारच्या बसने आपण घरी आलो असतो. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, सासूबाईंपासून घेत आलात तसंच, आणि मी जन्मभर धाकटीच राहिले. हे बोलणं अन्यायाचं आहे. पण तुमच्याशी न्यायाने कधी भांडले होते मी?

रविवारी वामनरावांकडे गेले. ते ओसरीत बसले होते. मला पाहून त्यांना वाटलं, दुखवट्याचंच काही असेल. खुर्ची दिली. मी उभ्यानेच सांगितलं की मागच्या साली कापसाला रंग लागला तो माझ्यामुळे, कापड मी धुतलं नव्हतं, मला माहीत असून धुतलं नव्हतं, बाईंचा त्यात काही दोष नव्हता.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आता सांगून काय होते," ते म्हणाले. "बाई तं गेली."

"म्हणूनच सांगून राह्यली."

"तवाच सांगतलं असतं तं," ते म्हणाले. मान फिरवून वावराकडे पाहत बसले. घरातून त्यांच्या बाईने पाणी आणून दिलं. मी पाणी प्याले आणि आले.

सोमवारी दोन नमुने घेऊन राळेगावला गेले. एक आकाशी, एक त्या तुमच्या धुतलेल्या तुकड्याचा, हळदी गोट लावलेला. तुकडा लहान होता, दोन पट्टे जेमतेम निघाले. मॅडमच्या ऑफिसात आठ-दहा वेचणाऱ्या बाया आल्या होत्या, आपली लीलाबाईही होती. मी डागांचंही सांगितलं, सगळ्यांसमोर, आणि ते फडकं टेबलावर पसरलं. मॅडमनी विचारलं, आता सुटत नाही ना रंग? मी म्हटलं, शेवटची जागा पाहा. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग आम्ही बाहेर गेलो. लीलाबाईने राणी घातली, दुसरीने आकाशी, आणि दोघी मागच्या पऱ्हाटीत शिरून चालत गेल्या. मी बांधावर उभी होते, तुम्ही उभ्या राहायचात तशी, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मी वावरात उभं राहून बाया शोधत होते. थोड्या अंतरावर आकाशी पांढऱ्यात विरला, पांढरा उजेडात विरला. राणी दिसत राहिला. पार टोकाला लीलाबाई वळली, खाली बसली, तरी फांद्यांतून दिसत राहिला.

मॅडम म्हणाल्या, जरा भडक नाही का? बाया सगळ्या तिकडेच पाहत होत्या. मॅडमनी 'राणी' लिहून घेतलं.

कापड परवा आलं. ठाण उलगडलं तेव्हा अंगणभर रंग झाला. मोठे दीर गोठ्यातून आले, उभे राहिले, आणि आत गेले. आपल्याकडची दोन्ही घंगाळी, तेरवीचं एक पातेलं, सगळी मांडली आहेत. खडेमीठ आणलं, तुरटी आणली. काल पहिलं पाणी काढलं, लालभडक निघालं. हात कोपरापर्यंत राणी झालेत, ते घेऊनच हे लिहिते आहे, कागदालाही लागलं असेल. लीलाबाई दोनदा डोकावून गेली, म्हणाली, बस झालं की आता, पक्का दिसते. मी नाही म्हटलं. आज दुसरं पाणी काढलं आणि पांढऱ्या फडक्यावर ओलं दाबून पाहिलं. अजून उतरतो आहे. कंबर धरली आहे, तरी उद्या तिसरं काढीन. परवा चौथं. शिवायला बसायची मला काही घाई नाही, बाई.